मिड-हायला कोणतं मशीन घेऊ, विचारलंस म्हणून

बाय, तुझा दीर म्हणतो मोठ्यात मोठं मशीन घेऊ. दुकानदार म्हणतो, बेसला घेतलंय तसंच आणखी एक टॉपला घ्या, जोडीत स्वस्त पडेल. दोघांनाही हो म्हणू नकोस, आणि हे वाचून होईपर्यंत बयाना तर अजिबात देऊ नकोस.

बेसचं मशीन वॅट बघून घ्यायचं, हे खरं. मिड-हायचं घेताना मात्र वॅट शेवटी बघायचे. आधी बघायचं ते किती शांत आहे, त्याचा गेन किती आहे आणि त्याला आवरता येतं का. हे उलटं वाटेल, कारण आपल्याकडे बोईसर-पालघरच्या लाईनीत ज्याच्या मशीनवर मोठा आकडा, तो मोठा साउंडवाला. पण आकडा काय सांगतो ते नीट बघ.

हॉर्नच्या चांगल्या युनिटला एक वॅट दिला की एक मीटरवर साधारण 108 डीबी आवाज मिळतो. 18 इंची बेसला तोच एक वॅट दिला तर 97 च्या आसपास. हा 11 डीबीचा फरक वॅटमध्ये मांडला तर जवळजवळ साडेबारा पट भरतो. म्हणजे बेस 600 वॅट खात असेल तेव्हा हॉर्नला त्याच्या बरोबरीने बोलायला 50 वॅट पुरतात. वर हळदीला बेस चढाच लागतो, त्यामुळे हॉर्नचा वाटा आणखी खाली येतो. 10 किंवा 12 इंची मिड या दोघांच्या मधे बसतो, त्याला दोन-तीनशे वॅटचं चॅनेल मिळालं की तो खूश असतो. मग बेसला घेतलेलं दीड-दोन हजार वॅटचं मशीन हॉर्नवर लावून काय मिळणार? जळकी युनिटं. ती माझ्याच बाकावर येतात, मला धंदा मिळतो, पण तुझ्याकडून नको.

आता युनिटवरचा आकडा. डब्यावर तीन तऱ्हेचे वॅट लिहिलेले असतात. सतत सोसणारे, ज्याला आरएमएस किंवा एईएस म्हणतात. त्याच्या दुप्पट प्रोग्रॅम. आणि चौपट पीक. दुकानात नेहमी तिसरा आकडा बोलला जातो. तू पहिला विचार. समजा युनिट 80 वॅट एईएसचं आहे. त्याला 8 ओहमवर 150 ते 200 वॅटचं चॅनेल दे. दुप्पट कशाला, तर ताशाची काडी पडते, झांज वाजते, तो क्षणभराचा ठोका सरासरीच्या कितीतरी वर जातो, आणि तेवढ्या क्षणाला मशीनने मान टाकता कामा नये. पण ही दुप्पट लिमिटर लावणाऱ्यासाठी. लिमिटर नसेल आणि मशीनवर भलत्याचाच हात असेल, तर मशीन युनिटच्या आकड्याइतकंच घे. आवाज 3 डीबीने कमी पडेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

“कमी वॅटचं मशीनच युनिट जाळतं” हे तू शंभर जणांकडून ऐकशील. त्यात अर्धं खरं आहे. 100 वॅटचं मशीन ताणून ताणून पूर्ण क्लिप केलं की ते 200 वॅटच्या जवळ बाहेर टाकतं, आणि गाण्यातल्या मोकळ्या जागाही भरून निघतात, त्यामुळे कॉइलला थंड व्हायला उसंत मिळत नाही. जळते ती उष्णतेने. ती उष्णता छोट्या मशीनमधून आली की मोठ्या, कॉइलला काही घेणंदेणं नसतं. मोठं मशीन तेच काम न कुरकुरता आणि लवकर करतं, एवढाच फरक. जुन्या पॅसिव्ह बॉक्सात एकच मशीन बेस आणि हॉर्न दोन्ही चालवायचं, म्हणून बेसने क्लिप झालं की त्याची करकर थेट हॉर्नमध्ये घुसायची. क्रॉसओव्हर मशीनच्या आधी लावून बेस, मिड, हाय वेगळे केलेस की ती वाट बंद होते. वेगळं मशीन घ्यायचा मोठा फायदा हाच आहे, जास्त आवाज हा नाही.

गेनकडे ये, कारण इथेच सगळे फसतात. बऱ्याच मशीनवर लिहिलेलं असतं, सेन्सिटिव्हिटी 0.775 व्होल्ट. म्हणजे एवढा सिग्नल आला की मशीन पूर्ण ताकदीवर. 8 ओहमवर 1000 वॅट म्हणजे सुमारे 89 व्होल्ट, 0.775 वरून तिथे जायला सिग्नल 115 पट वाढवावा लागतो, 41 डीबी. असं मशीन 108 डीबीच्या युनिटला जोडलंस की मिक्सर आणि क्रॉसओव्हरमधली सगळी सळसळ 115 पट होऊन हॉर्नमधून बाहेर पडते. मंडपात भटजी मंत्र म्हणताना थांबले की वरून ‘सsss’ ऐकू येतं ना, ते हेच. त्यापेक्षा 26 किंवा 32 डीबी असा ठरलेला गेन असलेलं मशीन हायला घे. 32 डीबी म्हणजे 40 पट. काही मशीनला मागे स्विच असतो, तो खालच्या गेनवर ठेव. आणि गेनचं बटण अर्ध्यावर आणलं म्हणजे मशीनचे वॅट अर्धे झाले, असं दीर म्हणाला तर मान हलवू नकोस. बटण फक्त मशीनला किती सिग्नल लागेल ते ठरवतं. मागून डीजेने रेटलं की तेच मशीन पूर्ण ताकद देतं.

त्याला आवर घालतो तो लिमिटर, आणि तो लावायला इंजिनिअर लागत नाही. 80 वॅट गुणिले 8 ओहम, 640, त्याचं वर्गमूळ 25.3 व्होल्ट. एवढेच व्होल्ट युनिटला सतत जायला हवेत. आता स्पीकरच्या वायरी काढून ठेव, मशीनला थेट 400 हर्ट्‌झचा सूर अर्ध्या व्होल्टवर दे आणि बाहेर मीटर लाव. 20 व्होल्ट दिसले तर गेन 40 पट. 25.3 भागिले 40, म्हणजे 0.63 व्होल्ट, जवळपास उणे 1.8 डीबीयू. हा आकडा क्रॉसओव्हरच्या हाय आउटपुटच्या लिमिटरला घाल आणि पासवर्ड लावून टाक. वरच्या पट्टीच्या सुरावर साधं मीटर चुकीचं दाखवतं, म्हणून 400. आणि चालू मशीनच्या टर्मिनलला बोट लावू नकोस, तिथला झटका साधा नसतो. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. वरातीत पाहुण्यातला एखादा “थोडं वाढव ना” म्हणत येतोच, त्याला “वाढवता येत नाही” असं खरंच सांगता आलं पाहिजे.

क्लास कोणता, यावर पोरं चहाच्या टपरीवर भांडतात. हायला जुनं क्लास एबी, मागे जड ट्रान्सफॉर्मरवालं, आजही मला आवडतं. आवाज गोड, दुरुस्ती कुठेही होते. क्लास डी हलकं असतं, टेम्पोत चढवणाऱ्यांच्या पाठीला बरं. पूर्वीच्या क्लास डी मशीनमध्ये जोडलेल्या ओहमप्रमाणे वरच्या पट्टीचा सूर बदलायचा. चांगल्या कंपन्यांनी आता ते सुधारलंय, अगदी स्वस्त मालात अजून सापडतं.

क्लासपेक्षा तुला त्रास देणार आहे तो व्होल्टेजचा. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते, आणि चार स्टेशनं पलीकडच्या पाड्यावर खांबापासून लांबवर ओढलेल्या आपल्याच बारीक वायरीच्या टोकाला मंडपात 190 व्होल्ट उरतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनची तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद जाते. कानाला तो फरक पावणेदोन डीबीचाच, पण मशीन आधीच क्लिप व्हायला लागतं आणि हॉर्न करकरतो. म्हणून मिड-हायची वायर पॅनेलपासून वेगळी आण, बेसच्या बोर्डावर टोचू नकोस. बेसचा प्रत्येक दणका व्होल्टेज खाली खेचतो. जनरेटरवरही तसंच.

छोट्या छोट्या गोष्टी पटापट सांगते. 8 ओहमची दोन युनिटं समांतर जोडली की 4 ओहम होतात, त्याच्या खाली जाऊ नकोस. हॉर्नवर ब्रिज मोड कधीच नाही. प्रत्येक युनिटला मालिकेत 40 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाक. 8 ओहमवर तो 500 हर्ट्‌झच्या खालचं अडवतो, मशीनमधून डीसी सुटला किंवा कुणी चुकून बेसची वायर हॉर्नला दिली तरी डायफ्राम वाचतो. स्पीकॉनच्या पिना सगळ्या बॉक्सांवर एकसारख्या ठेव, 1 वर बेस, 2 वर हॉर्न, आणि वर रंगाची पट्टी चिकटव. मशीन सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद.

चिंचणी, सातपाटी, केळवे इथल्या सुपाऱ्या घेतेस, म्हणून एवढं मात्र विसरू नकोस. खारा वारा आणि इकडे एमआयडीसीची हवा, दोन्ही जॅक आणि रिलेचे पॉइंट खातात. मिडमध्ये आवाज येतो-जातो, तू युनिट बदलतेस आणि खराबी मशीनच्या रिलेत असते. पावसाळ्यात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा तासभर मशीन चालू ठेव, आतली ओल निघून जाते.

इतकं सगळं वरच्या पट्टीसाठी कशाला, असं दीर विचारेल. सांग त्याला, बेसचं कौतुक नाचणारे करतात, पण सुपारी देतो तो मांडवातला म्हातारा, आणि त्याला आहेर वाचणाऱ्याचा प्रत्येक शब्द ऐकू यायला हवा असतो. शब्द कळतात ते 1 ते 4 किलोहर्ट्‌झमध्ये, तिथेच आपला कान सगळ्यात तिखट असतो, म्हणून तिथली करकरही सगळ्यात आधी बोचते. तारपा वाजवणारे आले की तर बघायलाच नको. दुधी भोपळ्यातून येणारा तो घुमता सूर सगळा मधल्या पट्टीत असतो. हायचं मशीन कर्कश असेल तर तारप्याचा डास होतो, आणि नाचणारी साखळी पाय टाकता टाकता स्पीकरपासून लांब सरकते.

खरेदीला डहाणू लोकलने ग्रँट रोडला उतर, लॅमिंग्टन रोडवर जा, पण आपलं एक हॉर्न पिशवीत घेऊन जा. कपॅसिटर लावलेलं. ते मशीनला लाव, इनपुटला काही न जोडता गेन पूर्ण उघड आणि हॉर्नपासून हातभर अंतरावर कान ने. सळसळ, घुमघुम ऐकू आली तर दुसरं दाखवा म्हण. चालू-बंद करताना ठोका बसतो का बघ. आणि वॅट विचारताना “8 ओहमवर, दोन्ही चॅनेल एकाच वेळी, 20 ते 20 हजार हर्ट्‌झ” असं पूर्ण विचार. 2 ओहमचा आकडा ऐकूच नकोस. दुकानदार तुझ्याकडे न बघता दिराकडे बघून उत्तर देईल, तेव्हा प्रश्न परत तूच विचार.

अजून एक हिशोब, दिराला तोंडपाठ करून घे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा 10 डीबीने जास्त किंवा 75, यातलं जे कमी असेल तेवढाच. आता 108 डीबीचं युनिट मोकळ्या मैदानात एका वॅटवर चालव. अंतर दुप्पट झालं की 6 डीबी उतरतात. 32 मीटरवर पाच वेळा दुप्पट होतं, 30 डीबी गेले, उरले 78. एका वॅटवर हद्द ओलांडली. हॉर्न थोडे खाली, माणसांच्या डोक्यांकडे झुकव, घरांकडे नको, आणि दोन हजार वॅटचं काय करायचं ते त्यालाच विचार.

तुझ्याकडचं सासऱ्यांचं ते जड क्लास एबी मशीन मात्र भंगारात काढू नकोस. त्याचा एक चॅनेल हायला, दुसरा मिडला लावून बघ, आधी वरचा मीटरचा हिशोब करून. नवीन मशीनचे पैसे लिमिटरवाल्या डीएसपी क्रॉसओव्हरला घाल. मिड कमी पडला तरच ग्रँट रोडला जा, तेही मिडपुरतं. आणि माझ्याकडे येताना सासऱ्यांच्या मशीनचा पंखा काढून आण, त्याची बेअरिंग वाजतेय, मागच्या हळदीला फोनवरसुद्धा ऐकू येत होती.