गावच्या रस्त्यावरचा वेग : सरीने मोजलेला हिशेब



वीर म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला नीरेवरचे वीर धरण आठवते, नाहीतर म्हस्कोबाची यात्रा. आज ज्या वीरची हकीकत सांगावयाची आहे ते वीर वेगळे. ते घाटाखाली, रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात आहे. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला. महाड-पोलादपूरकडचे चाकरमानी तेव्हापासून तेथे उतरतात आणि पुढे रिक्षाने, मिनिडोअरने, एस.टी.ने आपापल्या गावी जातात.

मागील एका हिवाळ्यात आम्ही काही मंडळी जीप करून भोरवरून वरंधा घाटाने महाडला गेलो होतो. चवदार तळे पाहिले, रायगड केला आणि परतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना घ्यावयास वीर स्टेशनाकडे निघालो. मुंबई-गोवा महामार्ग (पूर्वीचा १७ नंबरचा, आताचा ६६) त्या बाजूला चौपदरी आणि सिमेंटचा झाला आहे. गाडी कशी लोण्यावरून चालावी तशी चालली होती. गाडीची वेळ होत आली म्हणून आम्हीच मागून ड्रायव्हरला "दाब, दाब" म्हणत होतो. हे कबूल केले पाहिजे, कारण पुढे जे झाले त्यात दोष एकट्या ड्रायव्हरचा नव्हता.

महामार्ग सोडून जीप आतल्या रस्त्याला लागली आणि एका वळणावर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत रस्ता ओलांडताना समोर आले. ब्रेक करकचून लागला, जीप तिरकी झाली आणि त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. काठी मात्र बोनेटला लागून उडाली. क्षणभर कोणाला काही सुचेना. माणसे जमली. आम्ही मार खाण्याच्या तयारीने खाली उतरलो. पण एक म्हातारी पुढे आली आणि एवढेच म्हणाली, "अवो, हा गावचा रस्ता हाय. हायवे मागं ऱ्हायला तुमचा." पाहुणे स्टेशनावर चहा पीत बसले होते. त्यांना घाई नव्हतीच.

तिच्या बोलण्यात जे शास्त्र आहे ते समजून घेण्याजोगे आहे. बराच वेळ ८०-९० च्या वेगाने गेलेल्या माणसाचे डोळे त्या वेगाला सरावतात. मग गाडी ५०-६० वर आली तरी त्याला आपण अगदी हळू, रेंगाळत चाललो आहोत असे वाटते. अंधारातून उजेडात आल्यावर डोळे दिपतात, तसाच हा प्रकार. म्हणून मोठ्या रस्त्यावरून गावात शिरताना आपल्या अंदाजावर विसंबू नये, काट्याकडे पहावे. आमच्या ड्रायव्हरला विचारले तेव्हा तो शपथेवर म्हणाला, "चाळिसाच्या वर नव्हतो." आम्हांपैकी पुढे बसलेल्याने काटा पाहिला होता. तो साठाला होता.

आता तीस आणि साठ यांत फरक किती? सभासद म्हणतील, दुपटीचा. तसे नाही. मीटरमध्ये सांगितले तर डोळ्यांपुढे उभे रहात नाही, म्हणून आपण सरीने मोजू. चार फुटी सरी धरा आणि गाडी सऱ्या आडव्या कापीत चालली आहे असे समजा.

समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या, सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात सात सऱ्या जाते. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर आणखी चार. म्हणजे अकराव्या सरीला ती उभी. ताशी ६० ची गाडी नुसत्या त्या एका सेकंदातच चौदा सऱ्या ओलांडते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सोळा-सतरा. थांबते ती तिसाव्या सरीच्या पुढे. नीट पहा : तीसवाला ज्या अकराव्या सरीत थांबला तेथे साठवाल्याचा पाय अजून ब्रेकपर्यंत पोचलेलाही नसतो! त्या सरीत कोणी पोर उभे असेल तर त्याला पुऱ्या साठच्या वेगाची धडक बसते. रस्ता ओला असेल तर साठवाला चाळिसाव्या सरीच्याही पलीकडे जातो. आणि उसाची वाहतूक चालू असताना रस्त्यावर चिखल, पाचट, सांडलेला ऊस काय कमी असतो?

असे का होते? वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातला जोर चौपट होतो, आणि तो सगळा ब्रेकने जिरवावा लागतो.

याच कारणासाठी फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेने जाहीर केले, की जेथे पायी चालणारी माणसे, सायकली आणि मोटारी एकाच रस्त्यावर येतात तेथे वेग ३० च्या वर असू नये. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी अहवालात त्यांतले शंभरी ७१ मृत्यू अतिवेगाखाली नोंदले आहेत.

आणि वाचते काय? दोन किलोमीटरच्या वस्तीच्या रस्त्यावर तीसने चार मिनिटे लागतात, साठने दोन. ही दोन मिनिटे वाचवून आपला ट्रॅक्टर कारखान्याच्या यार्डात येतो आणि नंबर लागेपर्यंत तासन् तास उभा राहतो.

येथे आम्हांला थोडे कडू बोलणे भाग आहे. वीरला आम्ही परके होतो, एकदा चुकलो आणि निघून आलो. पण गळीत हंगामात आपल्याच वाडी-वस्तीवरून दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर टेपच्या आवाजात झुलत जातात, रिकाम्या परतताना तर हाणतच येतात, ते काही परक्यांचे नव्हेत. पोरे ड्रायव्हरला नावे ठेवतात. परंतु वाहतुकीचा पैसा टनावर आणि खेपेवर मिळतो. रात्रीत एक खेप जास्त मारली तरच त्याच्या हातात काही पडते. यार्डात वाया गेलेला वेळ तो रस्त्यावर भरून काढतो. तेव्हा वेगाचा प्रश्न हा निम्मा नंबराचा प्रश्न आहे, आणि तो ड्रायव्हरला दम देऊन सुटणार नाही. वार्षिक सभेत दराइतकाच हा विषय निघावा असे आम्हांस वाटते. वाहन कोणत्या वेळी यार्डात घ्यावयाचे हे आधी ठरवून दिले तर घाईचे कारण बरेचसे उरणार नाही.

दुसरी गोष्ट घरातली. बारावीतला मुलगा मोटारसायकल घेऊन गल्लीतून सुसाट जातो आणि बाप पारावर कौतुकाने पाहतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. ट्रॅक्टरवर बसवलेल्या पोरालाही हेच लागू आहे. धोकादायक रीतीने वाहन चालविल्यास पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे.

गतिरोधकाविषयी एक शब्द. अपघात झाला की गावकरी रातोरात मुरूम-डांबराचा उंचवटा घालतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण अरुंद, टोकदार उंचवट्यावर बाळंतिणीची गाडी आदळते आणि मोटारसायकलवाला कडेच्या मातीतून, म्हणजे नेमका चालणाऱ्यांच्या अंगावरून, वळसा घालतो. रस्ते काँग्रेसच्या प्रमाणात उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असतो. पंचविसाच्या वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. ग्रामपंचायतीने ठराव करून बांधकाम खात्याकडे तसाच मागावा, वर पांढरे पट्टे आणि आधी फलकही मागावा.

हा अंक वाचून झाला की सवडीने आपल्या वस्तीच्या वळणावर उभे रहा आणि चार चार फुटांच्या तीस सऱ्या पावलांनी मोजा. आम्ही आमच्या वस्तीवर मोजल्या. अकरावी सरी पिठाच्या गिरणीपाशी संपली. तिसावी शाळेच्या फाटकाच्या पलीकडे गेली.