‘बोअर्ड’ की ‘बोअरिंग’?

सहामाहीच्या इंग्रजी पेपरात मित्राला पत्र लिहायचे होते. त्यात एक वाक्य बऱ्याच जणांनी लिहिले: ‘आय ॲम बोअरिंग.’ म्हणायचे होते, ‘मला कंटाळा आलाय.’ वाचणारा मात्र समजेल, ‘मी कंटाळवाणा आहे.’ स्वतःची अशी ओळख कोणी करून देते का? गुण जातो तो वेगळाच.

पालकांनी रागावू नये. ही चूक आळसातून होत नाही. मराठीत कंटाळा आपल्याला ‘येतो’. कन्नडमध्येही ‘ननगे बेजारागिदे’, म्हणजे ‘मला’ कंटाळा आला आहे. दोन्हीकडे आपण कर्ता नसतो. इंग्रजीत ‘आय’ कर्ता होतो, आणि ‘कंटाळा येतोय’ हे चालू वर्तमानकाळाचे समजून मुले ‘आयएनजी’ लावून मोकळी होतात.

उपाय मात्र मराठीतच आहे. जिथे ‘लेला’, तिथे ‘ईडी’. जिथे ‘णारा’ किंवा ‘वाणा’, तिथे ‘आयएनजी’. राजहंसगडाचा चढ दमवणारा, म्हणून ‘टायरिंग’; चढून दमलेली मुले ‘टायर्ड’.

गाइडात ‘माणसाला ईडी, वस्तूला आयएनजी’ असा नियम सापडतो. तो अर्धाच खरा आहे. माणूसही कंटाळवाणा असू शकतो (आमची भाषणे आठवा!), तेव्हा ‘द स्पीकर वॉज बोअरिंग’ हे बरोबरच. म्हणून विचारावे: भावना कोणाच्या मनात आली, आणि कशामुळे आली? जिच्या मनात आली तिला ‘ईडी’, जिच्यामुळे आली तिला ‘आयएनजी’.

आपल्या काकतीत जन्मलेल्या राणी चन्नम्मांचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या सैन्याने कंपनीच्या फौजेला हरवले, कलेक्टर थॅकरे मारला गेला. हा विजय ‘सरप्रायझिंग’ आणि कंपनीचे अधिकारी ‘सरप्राइज्ड’. उलटे लिहिले तर आश्चर्य विजयालाच वाटेल!

काही जोड्या पाठच कराव्या लागतात. ‘स्केअर्ड’बरोबर ‘स्केअरी’ येते, ‘इम्प्रेस्ड’बरोबर ‘इम्प्रेसिव्ह’. उच्चारातही लक्ष हवे. ‘एक्सायटेड’मध्ये शेवटचा ‘इड’ स्पष्ट ऐकू येतो, कारण आधी ‘ट’ आहे. ‘टायर्ड’मध्ये नुसता ‘ड’. ‘टायरेड’ म्हणू नये.

घरी रात्री जेवताना मुलांना दिवसभरातल्या दोन गोष्टी सांगायला लावा, एक ‘ईडी’ची, एक ‘आयएनजी’ची. इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही तपासता येईल. तिने फक्त विचारायचे, ‘लेला, की णारा?’