दोन अंकांची गंमत

मुलांनो, आपण ० ते ९ हे दहा अंक वापरून संख्या लिहितो. ही दशमान पद्धती. संगणक मात्र ० आणि १ या दोनच अंकांवर काम करतो. त्याच्या आत विजेच्या असंख्य बारीक कळा असतात. कळ बंद असली की ०, चालू असली की १. ही द्विमान पद्धती.

१२ मार्च १९६८ रोजी आपला मॉरिशस स्वतंत्र झाला. यातील १२ ही संख्या द्विमान पद्धतीत लिहूया. भागाकार ० येईपर्यंत २ ने भागा. प्रत्येक वेळी उरलेली बाकी लिहा.

१२ ÷ २ = ६, बाकी ०
६ ÷ २ = ३, बाकी ०
३ ÷ २ = १, बाकी १
१ ÷ २ = ०, बाकी १

आता सर्व बाक्या खालून वर वाचा. उत्तर आले ११००. वरून खाली वाचाल, तर ००११ येईल. ते १२ नव्हे, ३ होतात!

पडताळा पाहा. द्विमान पद्धतीत उजवीकडून स्थानांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जातात. ११०० मध्ये ८ आणि ४ यांच्या स्थानी १ आहे. ८ + ४ = १२. उत्तर बरोबर!

तुमचे वय किती? ते द्विमान पद्धतीत लिहा. पडताळा घ्यायला विसरू नका.