लाट कोणती, खळबळ कोणती?

समुद्रकिनाऱ्याजवळ, तळापासून १ मीटर उंचीवर पाण्याचा वेग मोजायचा आहे, असे समजा. त्यासाठी वापरायचे यंत्र पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडते. पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक कणांवरून परतलेल्या ध्वनीची कंप्रता बदललेली असते. या बदलावरून वेग कळतो. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात.

पण या वेगात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: संथ प्रवाह, लाटेमुळे होणारी पुढेमागे हालचाल आणि लहानमोठ्या भोवऱ्यांची खळबळ, म्हणजेच संक्षोभ. ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८९५ साली दाखविल्याप्रमाणे बऱ्याच वेळाची सरासरी काढली की प्रवाह मिळतो. उरलेल्या चढउतारांत लाट कोणती व खळबळ कोणती? दोघींचे काही चढउतार सारख्याच गतीने होतात. म्हणून केवळ आवर्तकाल पाहून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

तळाची वाळू उचलून पाण्यात तरंगत ठेवण्याचे काम मुख्यतः खळबळ करते. लाटेलाच खळबळ मानले, तर बंदरात गाळ किती साचेल याचा हिशेब पार चुकेल.

यावर जॉन ट्रोब्रिज यांनी १९९८ साली एक युक्ती मांडली. एकाऐवजी दोन यंत्रे ठेवायची! ८ सेकंद आवर्तकालाची लाट खोल पाण्यात सुमारे १०० मीटर लांब असते. किनाऱ्याजवळ ती आखूड होते, तरी भोवऱ्यांहून कितीतरी मोठीच राहते. तळापासून १ मीटरवरचे मोठे भोवरे साधारण १ मीटरचेच असतात. म्हणून यंत्रे काही मीटर अंतरावर, लाटेच्या माथ्याला समांतर ठेवली, तर लाट दोघांनाही एकदमच हलविते. भोवरे मात्र प्रत्येकापाशी निराळे. एका वेगातून दुसरा वजा केला की लाट नाहीशी होते!

आता गणित करून पाहा. वेग सेंटीमीटर दर सेकंदास आहेत.

पहिले यंत्र: ४२, −३८, ४०, −४४
दुसरे यंत्र: ३७, −४१, ४२, −३८
वजाबाकी: ५, ३, −२, −६

वजाबाकीच्या वर्गांची सरासरी १८.५ येते. तिच्यात दोन्ही ठिकाणची खळबळ आहे, म्हणून निम्मी करा: ९.२५. पहिल्या यंत्राच्याच वर्गांची सरासरी १६८६ आहे. म्हणजे एकाच यंत्रावर विसंबलो असतो, तर खळबळ सुमारे १८० पट वाटली असती!

प्रत्यक्षात अशी हजारो मापने घ्यावी लागतात. शिवाय एखादे यंत्र किंचित तिरपे बसले, तर वजाबाकीत लाटेचा अंश उरतो. असे का होत असेल, याचा तुम्ही विचार करा.