दुखणे, गोळी आणि कठडा



निर्गम 21:19 मध्ये जखमी माणसाच्या औषधोपचाराचा खर्च देण्याची आज्ञा आहे. तीवरून आपल्या रब्बींनी वैद्याला उपचाराची मुभा आहे असे ठरविले (तालमूद, बावा कामा 85). म्हणून निदान वैद्याकडेच सोपवावे, असा बोध आम्ही घेतो.

मुंबईहून अजमानला जाताना गोळ्यांची पुडी सामानात टाकण्याची सवय पुष्कळांना आहे. दाढ ठणकली, घसा धरला की अँटिबायोटिक घेतले जाते. पण ते जंतू मारते, दुखणे नव्हे. सर्दी व बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. तेथे ते निरुपयोगी. दाढेला दंतवैद्यच हवा; चेहरा सुजून ताप आल्यास त्याच दिवशी. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला जुमानेनासे होतात, हा इशारा पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी 1945 सालीच दिला होता.

वेदनाशामकांचेही तसेच. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलच्या 500 मिलिग्रॅमच्या आठांहून जास्त गोळ्या 24 तासांत घेऊ नयेत, यकृत बिघडते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असते, तेही मोजावे. पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. कोडीन व ट्रॅमाडॉल अमिरातीत नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी व तेथील सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी नसेल तर नेऊच नयेत.

कोणी पडू नये म्हणून गच्चीला कठडा बांधा, असे अनुवाद 22:8 शिकविते. औषधांच्या डब्यालाही तो हवा: उरलेले अँटिबायोटिक जपून ठेवू नये, शेजाऱ्याला देऊ नये.