सही करण्याआधी विचारा

ताईंनो, गटाची वही आपण दर महिन्याला तपासतो, मग गावाची का नाही? चाकणजवळच्या महाळुंगे, खराबवाडीसारख्या गावांत कामगारांच्या खोल्या वाढल्या, पाण्याची ओढाताणही वाढली. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. त्यांनी तीन गोष्टी बघायच्या.

सेवा: पाणी किती दिवसांनी येतं? टाकी कधी धुतली?

मालमत्ता: मोटर, पाइप कुणाच्या ताब्यात? दुरुस्तीचं बिल कुठंय?

कामगिरी: मागं ठरलेलं झालं का?

उत्तर मिळालं नाही, तर ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडा. इतिवृत्तात लिहून घ्या. नाहीतर ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणतील.

येत्या बैठकीत विचारा: आपल्या समितीत कोण बाया आहेत? की नुसत्या सहीपुरत्या?