फायलीवरील वेळेची नोंद किती सूक्ष्म?

आवक नोंदवहीत अर्जापुढे केवळ तारीख लिहिली, तर एकाच दिवशी आलेल्या दोन अर्जांपैकी आधीचा कोणता, हे त्या तारखेवरून सांगता येत नाही. संगणकातील फायलींचेही तसेच आहे. फायलीत शेवटचा बदल केव्हा झाला, याची नोंद कार्यप्रणाली आपोआप ठेवते. परंतु त्या नोंदीची सूक्ष्मता सर्वत्र सारखी नसते.

युनिक्स प्रणालीच्या १९७१ मधील आवृत्तीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जाई. त्यासाठी ३२ बिटांचीच जागा असल्याने ती अडीच वर्षांच्या आतच भरून जाणार होती. पुढे १ जानेवारी १९७० पासूनचे पूर्ण सेकंद मोजण्याची पद्धत आली. पल्ला वाढावा म्हणून सूक्ष्मतेचा त्याग करावा लागला.

एमएस-डॉसच्या 'फॅट' पद्धतीत वेळेसाठी १६ बिट ठेवलेले असतात. तासांना ५ व मिनिटांना ६ बिट दिल्यावर सेकंदांसाठी ५ उरतात आणि त्यांत ३२ संख्याच मावतात. म्हणून तेथे सेकंद दोन-दोनांच्या टप्प्यांनी मोजले जातात. अशा नोंदीत ३७ वा सेकंद कधी येतच नाही. ३६ वा किंवा ३८ वा येतो. अनेक मेमरी कार्डांवर आजही हीच पद्धत आहे.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे वाचकांस वाटेल. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे साधन तयार केले. मूळ फाईल तयार फायलीपेक्षा नवी असेल, तरच ते ती पुन्हा बांधते. नोंद सेकंदाचीच असेल आणि बांधणीनंतर त्याच सेकंदात मूळ फायलीत दुरुस्ती झाली, तर दोन्ही वेळा सारख्याच दिसतात व दुरुस्ती वगळली जाते. मग काढून टाकलेली चूक शोधत बसण्याची पाळी येते!

पुढे नोंदीची जागा वाढली. विंडोजची 'एनटीएफएस' पद्धत १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांनी ६४ बिटांत वेळ मोजते. लिनक्समधील 'एक्स्ट४' पद्धतीत नॅनोसेकंदांपर्यंत जागा आहे. परंतु जागा असणे निराळे व घड्याळ तितके बारीक असणे निराळे. लिनक्स फायलीवर जी वेळ लिहीत असे, ती अंतर्गत ठोक्यागणिक पुढे सरकणारी असे. सेकंदाला २५० ठोके असतील, तर नऊ अंकी नोंदीचा खरा टप्पा ४ मिलिसेकंदांचा. जाळ्यावरून फायली वाटून घेणारे संगणक बदल झाला की नाही हे याच नोंदीवरून ताडतात, तेव्हा एका ठोक्यात झालेला दुसरा बदल त्यांच्या नजरेतून सुटू शकतो व जुनी प्रत तशीच वापरली जाते. प्रत्येक वेळी सूक्ष्म घड्याळ वाचावे, तर काम मंदावते. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ६.१३ या आवृत्तीत यावर तोड निघाली: आधीची नोंद मध्यंतरी कोणी पाहिली असेल, तरच पुढील बदलास सूक्ष्म वेळ दिली जाते, एरवी ठोक्याचीच वेळ चालते.